फॉन्टपुरती पासिंग पॉवर

जगातल्या कितीतरी सर्व्हरवर डेबियन नावाची ऑपरेटिंग सिस्टीम चालते. तिच्यातलं कुठलंही पॅकेज बदलण्याचा अधिकार साधारण हजारेक माणसांकडे आहे. ही माणसं वेगवेगळ्या देशांत राहतात. त्यांना डेबियनकडून पगार नाही, त्यामुळे कुणाची बढती रोखता येत नाही की कुणाला आडगावच्या शाखेत धाडता येत नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

माझी उभी नोकरी बँकेत गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं सांगली-मिरज पट्ट्यात. आमच्याकडे स्ट्राँगरूमच्या दोन चाव्या दोन अधिकाऱ्यांच्या ताब्यात असायच्या. एकीने दार उघडत नसे. व्हाउचर एकाने करायचं, दुसऱ्याने पास करायचं. संगणक आल्यावर त्यालाच मेकर-चेकर म्हणू लागले. कुणाची सही किती रकमेपर्यंत चालेल, ती पासिंग पॉवर ग्रेडप्रमाणे बांधलेली. शिवाय नाजूक टेबलावरच्या माणसाला वर्षातून एकदा सक्तीने रजेवर पाठवायचं. त्याच्या खुर्चीत दुसरा कुणी बसला की दडवलेलं काही असेल तर ते वर येतं. या सगळ्या व्यवस्थेत माणूस चांगला की वाईट हे कुणी विचारतच नाही. मला नोकरीत असताना त्याचा थोडा अपमान वाटायचा.

डेबियनमध्ये यातलं काहीच दिसेना. जून २०२३ मध्ये आलेल्या 'बुकवर्म' या आवृत्तीत ६४ हजारांवर पॅकेजेस होती. अपलोडचा पूर्ण अधिकार मिळालेला माणूस, ज्याला तिथे डेबियन डेव्हलपर म्हणतात, एकट्याच्या सहीने त्यातल्या कशावरही बदल चढवू शकतो. फॉन्ट सांभाळणाऱ्याने उद्या ओपनएसएसएलला, म्हणजे सांकेतिक कुलूपचाव्यांच्या कोडला, हात घातला तर मशीन त्याला अडवत नाही. अडवतो तो रिवाज. दुसऱ्याच्या पॅकेजला हात लावायचा तर आधी बग नोंदवायचा, पॅच दाखवायचा, आणि अपलोड असं करायचं की ते काही दिवस रांगेत थांबेल, म्हणजे मूळ सांभाळणाऱ्याला हरकत घ्यायला वाव राहतो. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांना मी "कुलूप नाही, पण सगळे एकमेकांना विचारून घेतात" असं सांगितलं असतं, तर जेवायच्या सुट्टीआधी हातात मेमो पडला असता.

या मंडळींत मी जाऊन पडले ती 'दुसऱ्या' या शब्दामुळे. निवृत्तीनंतर भाच्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन घालून दिलं. आमच्या हाउसिंग सोसायटीची इतिवृत्तं लिहायची, एवढंच माझं काम. जो देवनागरी फॉन्ट डोळ्यांना बरा वाटला, त्यात 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' असल्या शब्दांतला र जागेवर बसत नव्हता. हा र हिंदीला लागत नाही, म्हणून फॉन्ट करणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. ल आणि श यांचं मराठी वळणही असंच सुटतं. फॉन्ट बनवणाऱ्याने ही चूक केव्हाच दुरुस्त केली होती. डेबियनमध्ये मात्र जुनीच आवृत्ती पडून होती, कारण पॅकेज सांभाळणारा सोडून गेला होता. अशा पॅकेजला तिथे 'ऑर्फन' म्हणतात, आणि त्यांची चांगली लांबलचक यादी आहे.

"आत्या, तूच घे की," भाचा म्हणाला.

"मला कोण देणार?"

"कुणी देत नाही. घेते म्हणून लिहायचं."

खरोखरच तसं होतं. बेवारस पॅकेजच्या बगचं शीर्षक बदलून 'दत्तक घेण्याचा इरादा आहे' असं जाहीर करायचं. अर्ज नाही, मुलाखत नाही. मी घाबरत घाबरत लिहिलं आणि कुणी हरकत घेतली नाही. कुणी अभिनंदनही केलं नाही. पुढे कळलं की पॅकेजवर आपलं नाव घालायला कुणाची परवानगी लागत नाही, पण ते डेबियनच्या साठ्यात चढवायला लागते. ती ज्याच्याकडे आहे असा कुणीतरी डेव्हलपर आपल्या वतीने अपलोड करायला राजी व्हावा लागतो. त्याला स्पॉन्सर म्हणतात. तयार पॅकेज एका ठरलेल्या सर्व्हरवर ठेवायचं, स्पॉन्सर हवा म्हणून बग नोंदवायचा आणि वाट बघायची. आमच्याकडे अर्ज दिला की निदान आवकचा शिक्का तरी मिळतो. इथे नुसती शांतता. भाचा म्हणायचा, सगळे फुकट काम करणारे आहेत, वेळ मिळाला की बघतील. मी म्हणायचे, पण बघितलं नाही हे तरी कुणीतरी सांगावं.

अखेर युरोपातल्या कुठल्याशा गावातून एकाचं उत्तर आलं. वयाने माझ्याहून पुष्कळ लहान असणार. पहिल्याच ओळीत त्याने मला सरळ नावाने हाक मारली. मॅडम नाही, बाई नाही. त्याखाली शेऱ्यांची यादी. लायसन्सच्या फाइलमध्ये अमुक फाइलचा हक्कधारक वेगळा दिसतो, तो का लिहिला नाही? फॉन्टची तयार टीटीएफ फाइल जशीच्या तशी का घेतली? मूळ लेखकाने फॉन्टफोर्जच्या सोर्स फाइल्स दिल्या आहेत, तर त्यांच्यापासून फॉन्ट आपल्याकडेच बांधला पाहिजे. चेंजलॉगमध्ये काय केलं ते आहे, का केलं ते नाही. आणि लिंटियन चालवलं का?

लिंटियन म्हणजे पॅकेज तपासणारा प्रोग्राम. चुका आणि इशारे तो दाखवतोच, पण वर 'पेडँटिक' नावाचा एक स्तर ठेवला आहे, निव्वळ खुसपटं काढण्यासाठी. मला तो लगेच आपला वाटला. कर्जाच्या फायली तपासण्यात माझी निम्मी नोकरी गेली होती, त्यामुळे लायसन्सचा भागही जमला. प्रत्येक फाइल कुणाची, कोणत्या सालापासून, कोणत्या अटींवर, हे उताऱ्यावरचे फेरफार वाचल्यासारखं वाचायचं. फॉन्ट सोर्समधून बांधण्याने मात्र नाकी नऊ आणले.

मला कळत नव्हतं ते निराळंच. या माणसाने माझं शिक्षण विचारलं नाही. प्रोग्रॅमिंग येतं का हे विचारलं नाही. कुठे राहते, काय करते, काही नाही. मी दुरुस्ती करून पाठवायची, तो नवीन शेरे काढायचा. एकदा त्याच्या एका शेऱ्याला मी उलट विचारलं की हे का करायचं, कारण डेबियनच्या धोरणात मला तसं सापडलं नाही. असं विचारून चालतं का, या विचाराने मी बेचैन होते. त्याने लिहिलं, बरोबर आहे, तो माझा आग्रह होता, नियम नव्हे, राहू दे. आणि त्यानंतरच्या खेपेला पॅकेज अपलोड झालं. आपली परीक्षा चालली होती हे मला माहीत होतं, पण पेपर कोणत्या विषयाचा हे कळलंच नाही.

पेपर होता की नाही, हे मी विचारलं ते पुण्यातल्या एका मुलाला. म्हणजे चांगला तिशीचा बाप्या आहे, पण मला काकू म्हणतो म्हणून मुलगा. तो डेबियन डेव्हलपर आहे. त्याला भेटण्याचं कारण माझी 'की'. डेबियनमध्ये प्रत्येकाची एक डिजिटल चावी असते आणि सगळ्या सह्या तिने होतात. ती खरंच या माणसाची आहे, असं आधीच्या कुणीतरी स्वतःच्या चावीने सही करून सांगावं लागतं. मर्यादित अधिकारासाठी एका डेव्हलपरची सही लागते, पूर्ण अधिकारासाठी दोघांची. त्यासाठी समोरासमोर भेटून सरकारी ओळखपत्र दाखवण्याची पद्धत आहे.

डेक्कनजवळ एका हॉटेलात आम्ही बसलो. त्याने पासपोर्ट मागितला. माझ्या आधारवर नवऱ्याचं नाव मध्ये आहे, पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि चावीवर मी नुसतं नाव-आडनाव घातलेलं. जन्मभर लोकांना "नावात फरक आहे, ॲफिडेव्हिट आणा" म्हणून परत पाठवणारी मी, आता काउंटरच्या पलीकडच्या बाजूला होते. पासपोर्टवर नाव आणि आडनाव दोन्ही आहेत ना, मग मला चालेल, असं तो म्हणाला. मग चावीच्या ठशाची ४० अक्षरं त्याने मला मोठ्याने वाचायला लावली आणि स्वतःच्या कागदावर एकेक गट टिक केला. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले होते. सही मात्र तिथे केली नाही. घरी जाऊन केली आणि कुलूपबंद करून माझ्या ईमेलवर पाठवली. चावी माझी आणि ईमेलही माझा असेल तरच ती उघडणार. केवायसीच्या इतिहासात मी एवढी काटेकोर केवायसी पाहिली नाही.

"पण यातून तुला काय कळलं?" मी विचारलं. "माझ्याकडे पासपोर्ट आहे एवढंच ना?"

"एवढंच," तो म्हणाला. "बाकीचं ईमेलमधून कळतं. नाही म्हटल्यावर माणूस काय करतो ते."

हे मला पटलं. थोडं सुखावलेही. कौशल्य शिकवता येतं, स्वभाव शिकवता येत नाही, असं आमचे जुने मॅनेजर प्रोबेशनरांबद्दल म्हणायचे. घरी आल्यावर चार दिवस मी या समाधानात होते. मग भाच्याने एक्सझेडचं प्रकरण वाचायला दिलं आणि समाधान पार उतरलं.

एक्सझेड युटिल्स ही फाइल लहान करण्याची अवजारं. जवळजवळ सगळ्या लिनक्समध्ये असतात, आणि वर्षानुवर्षं ती मुख्यतः लासे कोलिन हे एकटे सांभाळत होते. २०२१ मध्ये तिथे जिया तान या नावाने कुणीतरी आलं. छोटे, उपयोगी पॅच. कुरकुर नाही. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावं उगवली आणि कोलिन यांच्यामागे त्यांनी तगादा लावला की काम फार रेंगाळलंय, दुसऱ्या कुणाला तरी बरोबर घ्या. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे आणि आपली तब्येत बरी नसते, असं कोलिन यांनी लिहिलंही होतं. मदतीला हात पुढे होताच. जिया तानला आधी कोडमध्ये बदल करण्याचा अधिकार मिळाला, मग नव्या आवृत्त्या काढण्याचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आवृत्तीत चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फाइल्सच्या पोटात एक चोरदार दडवलेलं होतं. ते उघडणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हता, फक्त वाटल्या जाणाऱ्या गठ्ठ्यात होता. नेम होता एसएसएचवर, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरण्याच्या मुख्य दरवाजावर.

ते सापडलं तेही कुठल्या तपासणीत नाही. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते डेबियनच्या 'अनस्टेबल' शाखेवर काही मोजमाप करत होते. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि व्हॅलग्रिंड हा तपासनीस प्रोग्राम विचित्र तक्रारी करतोय, असं त्यांच्या लक्षात आलं. ते मागे लागले, आणि २९ मार्च २०२४ ला त्यांनी सगळं जाहीर केलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत हे पोचलं नव्हतं. 'टेस्टिंग'पर्यंत मात्र आलं होतं. आणखी एक तपशील वाचून मी खुर्चीत ताठ बसले. जाहीर होण्याच्या काही दिवस आधी, हान्स यान्सेन या नावाने कुणीतरी डेबियनमध्ये ५.६.१ घ्या म्हणून स्पॉन्सर मागितला होता. ज्या रांगेत पुढे मी फॉन्ट घेऊन उभी राहिले, तीच रांग.

आता माझी बाजू पाहा. मीही कुणाच्या ओळखीची नसताना आले. मीही असं पॅकेज निवडलं की ज्याचा वाली उरला नव्हता. नम्र लिहिते, नाही म्हटलं तर का विचारते आणि मग ऐकते, कंटाळवाणी कामं न कुरकुरता करते. ज्या गुणांवर माझ्यावर भरवसा ठेवला गेला, ते सगळे जिया तानमध्ये माझ्यापेक्षा जास्त होते. शिवाय त्याच्या हातचं कोड माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. मी जितकी शहाण्यासारखी वागेन तितकी संशयास्पद! आणि वैतागून एखादं तिरसट पत्र लिहावं, तर तेही माझ्याविरुद्धच जाणार.

मी पुण्याला फोन लावला. "तुम्हा लोकांचा माझ्यावर विश्वास कसा काय बसतो?"

तो हसला नाही, हे मला आवडलं. म्हणाला, "काकू, खरं सांगू का, तुम्ही जिया तान नाही हे मला कळायचा काही मार्ग नाही. पासपोर्टने थोडी मदत होते. तुमच्यामागे एखादी संस्था असेल तर तीही होत नाही. पण तुम्ही सज्जन आहात असं धरलं, तरी प्रश्न सुटतो असं नाही."

मग त्याने मला डेबियनचा स्वतःचा इतिहास ऐकवला, तोही काही न लपवता. नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनचे सर्व्हर फोडले गेले. ज्याच्या खात्यातून चोर शिरला तो डेव्हलपर प्रामाणिक होता; त्याचा पासवर्ड कुणीतरी टिपला होता, आणि कर्नलमधल्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातल्या, एका भोकातून चोर वरपर्यंत गेला. २००६ मध्ये पुन्हा एका डेव्हलपरच्या खात्यातून एक सर्व्हर फुटला. आणि सगळ्यात मोठं प्रकरण २००८ सालचं. डेबियनच्या ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी २००६ मध्ये काढल्या गेल्या होत्या, कारण व्हॅलग्रिंड त्यांच्याबद्दल इशारे देत होता. (तोच व्हॅलग्रिंड. एकदा त्याचं ऐकलं म्हणून बुडाले, एकदा त्याचं ऐकलं म्हणून वाचले.) त्यामुळे चाव्या तयार करताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ संपली, आणि एका प्रकारच्या ज्या अगणित चाव्या निघायला हव्यात, त्या जेमतेम ३२ हजारांच्या घरात निघू लागल्या. कुणीही बसून सगळ्या करून पाहाव्यात इतक्या कमी. हे जवळजवळ दोन वर्षं कुणाला कळलं नाही. बदल करणारा नवखा नव्हता, लबाडही नव्हता. त्याने आधी ओपनएसएसएलच्या लोकांना विचारलंही होतं.

"म्हणजे चोर एक प्रकार," तो म्हणाला. "चांगल्या माणसाची चावी चोरीला जाणं दुसरा. चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने केलेलं तिसरा. भेटून आणि ईमेल वाचून आम्हाला जमलाच तर पहिला थोडा कळतो."

नोकरीत ज्याचा अपमान वाटायचा, ते मला इथे उलगडलं. दोन चाव्यांची जॉइंट कस्टडी माणसाबद्दल काही म्हणत नाही, म्हणूनच ती चालते. दोन चाव्यांना दुसरा अधिकारी साधू आहे की चोर, याच्याशी देणंघेणं नसतं. मग माझं साधं म्हणणं होतं की डेबियननेही निदान ओपनएसएसएल, कर्नल, लॉगिन असल्या पाच-पन्नास पॅकेजेसना दोघांची सही सक्तीची करावी. ते अजूनही आहे. तो म्हणतो, रात्री दोनला सुरक्षेची भानगड निघाली आणि दुसरा सहीवाला ब्राझीलमध्ये झोपलेला असला तर? मी म्हणते, आमचीही शाखा कधी कधी चावीवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायची, बँक बुडाली नाही. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

एक मात्र त्याने मला कबूल करायला लावलं. भरवसा न ठेवण्याचीही किंमत असते. कोलिन एकटे होते, थकले होते, म्हणूनच तो तगादा लागू पडला. ओळखीचे, तपासलेले आणखी दोघे-तिघे आधीपासून बरोबर असते, तर नवख्याच्या हाती एवढं सोपवायची पाळीच आली नसती. १९९९ मध्ये डेबियनने नव्या लोकांना घेणंच काही काळ बंद केलं होतं. पुढच्या वर्षी शिफारस, ओळख, प्रश्नोत्तरं अशी रीतसर प्रक्रिया आखून दार पुन्हा उघडावं लागलं. आणि माझ्या फॉन्टचं काय? सगळे इतके सावध, की 'दुसऱ्या'तला र वर्षानुवर्षं तसाच लोंबकळत राहिला.

बाकीची मंडळी काय करतात तेही मी वाचून काढलं. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नव्याला अधिकार देतात, पण सुरुवातीला त्याच्या प्रत्येक बदलाखाली मेंटरच्या मंजुरीची ओळ लागते. अगदी आमचा मेकर-चेकर. ज्याने बांधणी मोडली त्याला टोकदार टोपी बहाल करण्याची गंमतही तिथे आहे. दुसऱ्या टोकाला ऑड्री टांग. त्यांनी २००५ मध्ये पग्ज या प्रकल्पात जो येईल त्याला मुक्तहस्ते अधिकार वाटले, आणि प्रकल्प झपाट्याने पुढे गेला. फेलिक्स गाइसेनड्योर्फर यांनी तर २०१३ मध्ये लिहिलं की कुणी पॅच पाठवला की त्याला सरळ अधिकारच द्या. परक्यासारखा वागणारा घरच्यासारखा वागू लागतो. वाचायला फार छान वाटतं. पण २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या थकलेल्या लेखकाने, मदत करू का विचारणाऱ्या एका अनोळखी माणसाला चावी देऊन टाकली, आणि त्याने बिटकॉइनच्या एका वॉलेटवर डल्ला मारायची सोय आत घुसवली. पग्ज तेव्हा प्रयोग होता, कुणाचे पैसे त्यावर अवलंबून नव्हते. हा फरक मला मोठा वाटतो, आणि उदारपणाचे गोडवे गाताना तो कुणी सांगत नाही.

डेबियनने माझ्यासारख्यांसाठी मधली पायरी काढली आहे. २००७ मध्ये मतदान घेऊन ठरलेली: डेबियन मेंटेनर. तिची रचना समजली तेव्हा मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं, कारण ती चक्क पासिंग पॉवर आहे. या पायरीवरच्या माणसाला सगळ्या साठ्यावर अधिकार नाही. एखादा डेव्हलपर पॅकेजचं नाव घालून, सही केलेली एक आज्ञा मशीनला पाठवतो की या चावीला एवढ्याच पॅकेजपुरतं अपलोड करू द्या. तशीच उलटी आज्ञा पाठवली की अधिकार गेला. चौकशी समिती नाही, निलंबन भत्ता नाही. अगदी नवं पॅकेज साठ्यात आणायचं झालं, तर तिथे आणखी वेगळी माणसं लायसन्स तपासायला बसलेली.

आणि अपलोड झालं म्हणजे लगेच लोकांच्या संगणकात गेलं, असंही नाही. आधी ते अनस्टेबलमध्ये पडतं. तिथून टेस्टिंगमध्ये जायला तातडीप्रमाणे २, ५ किंवा १० दिवस लागतात. मध्ये गंभीर बग निघाला की तिथेच थांबतं. २०१९ पासूनच्या नियमाने माझ्या लॅपटॉपवर बांधलेली फाइल टेस्टिंगमध्ये जाऊच शकत नाही. मी सोर्स द्यायचा, बांधणी डेबियनच्या यंत्रांवर होणार. प्रत्येक पावलाला नाव, तारीख, सही, आणि सगळं जगाला उघडं. म्हणजे माझ्या स्वभावाची परीक्षा एका बाजूला चालू होती खरी, पण दुसऱ्या बाजूला माझा स्वभाव कसाही असला तरी नुकसान केवढं होईल, किती लवकर दिसेल आणि मागे घेता येईल का, याचा हिशेब आधीच मांडून ठेवला होता. फॉन्टमध्ये मी जास्तीत जास्त काय करणार? म्हणून मला लवकर मिळालं. कुणी उद्या कर्नल मागितला, तर त्याला पाच वर्षं शेरे झेलावे लागले तरी मी हळहळणार नाही.

फट अजून उघडी आहेच, आणि ती मला झोपू देत नाही. डेबियन आपल्या लोकांना इतकं पारखतं, पण एक्सझेडचं चोरदार डेबियनच्या कुणी आणलं नव्हतं. ते मूळ प्रकल्पातूनच आलं. त्या हजारो पॅकेजेसचे मूळ लेखक कोण, त्यांच्याकडे चावी किती जणांची, त्यांची पारख कुणी केली? माझ्या फॉन्टच्या लेखकाला मी कधी पाहिलेलं नाही. त्याच्या नव्या आवृत्तीतला फरक ओळीने वाचणं, हेच काय ते माझ्या हातात. सोर्समधून बांध, तयार फाइल घेऊ नको, असं तो युरोपातला का भांडत होता, ते मला एक्सझेड वाचल्यावर कळलं. त्याने कारण सांगितलं असतं तर मी कमी वैतागले असते.

अखेर मी मेंटेनरसाठी अर्ज केला. डेबियनचा सामाजिक करार आणि यंत्रं वापरण्याचे नियम मान्य असल्याचं सही करून लिहिलं. युरोपातल्याने शिफारसपत्र पाठवलं. मला वाटलं होतं त्यात माझी स्तुती असेल. पत्र चारच ओळींचं होतं: मी यांचं पॅकेज अनेकदा तपासलं, लायसन्सच्या कामात काळजी घेतात, कळलं नाही तर विचारतात, या पॅकेजपुरता अधिकार द्यायला माझी हरकत नाही. 'हरकत नाही'! आमच्या गोपनीय अहवालातसुद्धा याहून बरं लिहायचे. पण पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं की त्याने स्वतः पाहिलं नाही असं एकही वाक्य त्यात नाही.

अधिकार मिळाल्यावर पहिला अपलोड केला तेव्हा मशीनकडून 'स्वीकारलं' एवढं दोन ओळींचं पत्र आलं. भाच्याने पेढे मागितले.

मेंटेनरला दुसऱ्याचं पॅकेज स्पॉन्सर करता येत नाही, पण तपासून शेरे द्यायला कुणाची ना नाही. मध्यंतरी एकाने देवनागरीचाच दुसरा एक फॉन्ट स्पॉन्सरच्या रांगेत आणला आणि बघाल का म्हणून मला लिहिलं. खरं नाव नाही, नुसतं टोपणनाव. शोधलं तर मागचं काही सापडेना. मी लायसन्सपासून सुरुवात करून चांगले लांबलचक शेरे पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर. फार नम्र, सगळे शेरे मान्य, एकावरही वाद नाही. पुण्याला कळवलं तर तो म्हणाला, काकू, तुम्हीसुद्धा असंच लिहायचा. मी त्याला विचारलं नाही की हे कौतुक होतं की काय होतं. त्या टोपणनाववाल्याने दिलेली तयार टीटीएफ बाजूला ठेवली, त्याच्या सोर्समधून फॉन्ट माझ्या मशीनवर बांधायला लावला, आणि दोन्ही फाइल्स जुळतात का ते ताडून बघायला बसले. ग्लिफच्या, म्हणजे अक्षराकृतींच्या, संख्येत फरक निघाला आहे. त्याला विचारलंय, का.